होडीचं पोट

मास्टरांना निळा रंग आवडत नव्हता असं नाही, त्यांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. डुमसच्या किनाऱ्यावर रविवारी सकाळी आम्ही चार-पाच हौशी मंडळी रंगपेट्या उघडून बसलो, की ते सगळ्यांच्या पेट्यांवरून एक नजर फिरवायचे आणि निळ्याच्या वडीवर अंगठा ठेवून म्हणायचे, "याला आज झोपू द्या." समोर समुद्र आणि निळा झोपलेला! मग काढायचं काय? "समोर आहे ते," मास्टर म्हणायचे. ज्यांनी डुमस पाहिलंय त्यांना समोर काय असतं ते सांगायला नको. काळी वाळू, तिच्यापुढे चिखल, आणि ओहोटी असली तर फार लांब कुठेतरी मातकट पाण्याची एक पट्टी. मी सव्वीस वर्षं सुरतेत राहून या पाण्याला निळं रंगवत आले होते. माझ्या घरच्या भिंतीवर तसले तीन समुद्र टांगलेले होते आणि पाहुणे त्यांना छान म्हणत.

मास्टर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये ते कलर मास्टर होते. व्यापाऱ्याकडून नमुन्याचा बोटभर तुकडा यायचा, त्याच रंगात कापडाचा अख्खा लॉट उतरवून द्यायचा, आणि उतरला की नाही याचा शेवटचा निकाल मास्टरांनी द्यायचा. आता या कामाला मशीन असतं, त्यांच्या मिलमध्येही होतं. "मशीन आकडा सांगतं, शेड मी सांगतो," असं ते म्हणत. हे सांगताना त्यांची मान जराशी वर व्हायची. बाकी माणूस अगदी साधा. किरकोळ अंगाचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशाला ओळीनं टोचलेल्या चार-पाच सेफ्टी पिना, आणि नखांच्या कडांत कायमचा बसलेला जांभळा रंग.

शहाद्याकडच्या एका खेड्यातून एकोणिसाव्या वर्षी ते सुरतेत आले. पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा त्यांना वाटलं, कुठल्यातरी मोठ्या मिलनं पाणी सोडलंय. वास घेऊन बघितला, बोट बुडवून जिभेला लावलं, आणि सोबतच्या गाववाल्याला विचारलं, "हाई कोनी मिलनं पानी शे रे?" ही गोष्ट ते स्वतःच सांगायचे आणि स्वतःच सगळ्यांत जास्त हसायचे. तेव्हापासून ते समुद्राला समुद्र म्हणत नसत. पाणी म्हणत. "समुद्र फार मोठा आहे ताई, तो आपल्याकडून व्हायचा नाही. आपण पाणी काढू."

आमच्या गटात ते आले ते त्यांच्या मिलच्या मॅनेजरांमुळे. मॅनेजरसाहेब अस्सल सुरती, खाण्यापिण्याचे शौकीन, आणि ब्लडप्रेशरसाठी डॉक्टरांनी काहीतरी छंद लावून घ्या म्हणून सांगितलं तेव्हा चित्रकलेकडे वळलेले. आपल्याला रंग नीट कालवता येत नाहीत म्हणून एका रविवारी त्यांनी मास्टरांना गाडीत घालून आणलं. महिन्याभरात रंग कालवायला आलेला माणूस सगळ्यांना शिकवायला लागला. सहा दिवस मॅनेजर मास्टरांना हुकूम द्यायचे आणि सातव्या दिवशी मास्टर मॅनेजरांना गुजरातीत म्हणायचे, "साहेब, आकाश परत धुवा." साहेब निमूट धुवायचे. मला ती गंमत फार आवडायची. माझ्यावर पाळी आली की मात्र आवडायची नाही.

चित्रात काय कुठे ठेवावं हे त्यांनी आम्हाला साडीवरून शिकवलं. माझं पहिलं चित्र त्यांनी पाहिलं ते असं होतं: क्षितिज बरोबर मध्यावर, सूर्य मध्यावर, त्याच्या खाली होडी, तीही मध्यावर. मास्टरांनी ते बघून विचारलं,

"ताई, साडीचा पदर कुठे असतो?"

"म्हणजे? टोकाला."

"मधोमध का नसतो?"

मी हसले. ते हसले नाहीत. "पदर एकाच टोकाला, म्हणून बाकीच्या साडीनं गप्प राहायचं. तुमच्या चित्रात सूर्यपण पदर, होडीपण पदर, हे पक्षीपण पदर. नेसायचं काय?" मग त्यांनी काडेपेटीतली काडी काढून कागदापासून बोटभर अंतरावर धरली. क्षितिज म्हणजे काठ. काठ रुंद असेल किंवा अरुंद असेल, पण अर्धी साडी काठ आणि अर्धी साडी अंग, अशी साडी कुणी विणत नाही. त्या दिवसापासून माझी क्षितिजं खाली-वर सरकली. सांगायला हरकत नाही, चित्रकलेवरची दोन जाड पुस्तकं मी आणून वाचली होती, पण क्षितिज हलवायला मला मास्टरांची काडी लागली.

दुसऱ्याच्या कागदाला त्यांनी कधी हात लावला नाही. बोट नाही, ब्रश नाही. जे सांगायचं ते काडीनं, तेही हवेत. चित्र पुरं झालं की ते उलटं धरायला लावायचे, आणि मग तीन उजेडांत बघायचे. मिलमध्ये शेड अशीच बघतात म्हणे, दिवसाच्या उजेडात, ट्यूबखाली आणि पिवळ्या बल्बखाली. डुमसला बल्ब कुठून आणणार? म्हणून एकदा उन्हात, एकदा भजीवाल्याच्या टपरीतल्या ट्यूबखाली आणि एकदा मॅनेजरसाहेबांच्या गाडीत दार लावून, आतला पिवळा दिवा लावून. आम्ही बाहेर टोमॅटोची भजी खात उभे आणि मास्टर गाडीत बसून माझा समुद्र तपासताहेत, हे दृश्य पाहून उंटवालेसुद्धा थांबायचे. बाहेर आले की एकच शब्द. पास, नाहीतर "परत डाय", म्हणजे पुन्हा रंगवा. मला दोन वर्षांत पास दोनदा मिळाला.

पण त्यांची खरी मास्टरी पाण्यातल्या प्रतिबिंबात होती. त्यासाठी ते आम्हाला मगदल्ल्याच्या जेट्टीवर न्यायचे, कारण तिथे खाडीचं पाणी जरा स्थिर असतं आणि होड्या बांधलेल्या असतात. आम्ही सगळे एकच चूक करायचो. वर जशी होडी, तशीच खाली उलटी काढायचो.

"हाऊ छापा शे," मास्टर चिडून म्हणायचे. चिडले की ते अहिराणीत जायचे. मग भानावर येऊन आम्हाला मराठीत समजावायचे. "तुम्ही होडीला वरून बघता. तुम्हाला तिचा आतला भाग दिसतो, फळ्या दिसतात, जाळं दिसतं. पाणी कुठून बघतं? खालून. पाण्याला जाळं दिसत नाही. पाण्याला होडीचं पोट दिसतं. मग पाण्यात पोट काढा ना!"

मी जेट्टीवर पालथी पडून, मी नोकरी करते त्या बँकेतल्या लोकांनी बघू नये अशा अवस्थेत, पहिल्यांदा नीट बघितलं. खरंच, पाण्यातल्या होडीत जाळं नव्हतं. डांबर फासलेलं काळं पोट होतं, आणि त्यावर शेवाळाची एक रेघ. ती रेघ वरून मला दिसतच नव्हती. चाळीस-पंचेचाळीस वर्षं पाण्यात बघत आले, आणि हे कुणी सांगितलं नव्हतं.

"आणि रंग?" मी विचारलं.

"पाणी सगळ्यांना धुतं. पांढरं असेल ते पाण्यात थोडं मळतं, काळं असेल ते थोडं विटतं. जसंच्या तसं कुणीच राहत नाही."

मी मोठ्या उत्साहानं हे वहीत लिहून घेतलं. तरीही, खरं सांगायचं तर, मास्टर मला चारचौघांत अडचणीचे वाटायचे. माझ्या मैत्रिणी विचारायच्या, तुमच्या ग्रुपला शिकवतं कोण? मी सांगायची, "आहेत एक, टेक्स्टाइलमधले." टेक्स्टाइलमधले म्हटलं की लोकांना डिझायनर वाटतो. मी वाटू द्यायची. आमच्या अडाजणच्या सोसायटीत एकदा ते माझा विसरलेला स्टूल परत द्यायला आले, तर वॉचमननं त्यांना सामानाच्या लिफ्टनं पाठवलं. त्यांनी ते मला हसत सांगितलं. मीही हसले आणि खाली जाऊन वॉचमनला काही बोलले नाही.

त्याच सुमारास तुकड्यांचं सुरू झालं. एका रविवारी मास्टरांनी खिशातून एक पुठ्ठा काढला. त्यावर पिनेनं कापडाचे दोन लहान तुकडे टोचलेले. "ताई, डोळ्याचा व्यायाम. सारखे की वेगळे?"

मी पुठ्ठा उन्हात धरला. "वेगळे. उजवा थोडा हिरव्याकडे झुकतोय."

"किती?"

"अगदी किंचित."

त्यांनी पुठ्ठ्याच्या मागे पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं आणि तो खिशात घातला. पुढच्या रविवारी तीन पुठ्ठे. मग बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ते पांडेसऱ्याहून सायकलवर माझ्या उधन्याच्या शाखेत यायला लागले. खिडकीशी उभे राहून पुठ्ठे सरकवायचे. मी सांगायची, ते लिहायचे, आणि जाताना म्हणायचे, "तुमचा डोळा मिलमध्ये चालला असता." माझ्या नवऱ्याला हे वाक्य मी इतक्यांदा ऐकवलं की शेवटी तो म्हणाला, मग जा मिलमध्ये. इतरांना सोडून मास्टरांनी व्यायामासाठी मलाच निवडलं, याचा मला काय अभिमान! एवढं मात्र लक्षात यायला हवं होतं की व्यायाम देणारा माणूस कधीतरी उत्तर सांगतो. मास्टर कधीच सांगत नव्हते.

ते मी एकदा विचारलंच. पावसाळा होता, डुमसला भजीवाल्याच्या पत्र्याखाली आम्ही दोघंच अडकलो होतो, बाकीचे आले नव्हते. मास्टर नेहमीसारखा अर्धा कप चहा पिऊन उरलेला बशीत हलवत, त्याचा रंग बघत बसले होते. मी म्हटलं, "मास्टर, माझी किती उत्तरं बरोबर आली ते तरी सांगा."

ते म्हणाले, "ते मला कुठे माहीत आहे, ताई?"

आणि मग त्यांनी सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा जास्त. गेलं वर्षभर सगळं हळदीच्या पाण्यातून बघितल्यासारखं दिसत होतं. लाल, तपकिरी, काळा जमत होता, तीस वर्षांचे नुस्खे डोक्यात होते, मशीनचा आकडा होता. पण निळ्या-हिरव्याची फिकट शेड आली की हात थांबायचा. तेवढे तुकडे ते माझ्याकडे आणत होते.

"मग ऑपरेशन करून टाका ना! आजकाल मोतीबिंदूचं काय एवढं?"

"ऑपरेशनचं काही नाही, ताई. सुट्टीचं आहे." ते आवाज खाली आणून म्हणाले, जणू भजीवाला मिलमध्ये जाऊन सांगणार होता. "मास्टरनं डोळ्यासाठी सुट्टी मागितली की तो मास्टर संपला. आधीचे लॉट पण संशयात येतात. पाय मोडला, सुट्टी मिळते. पोटाचं मिळते. डोळ्याची मागायची नसते."

त्यांनी सगळा हिशेब बसवला होता. दिवाळीला मिल वीस दिवस बंद राहते, अर्धं पांडेसरा खानदेशात गावी जातं. तेही जाणार, गावाजवळच्या दवाखान्यात डोळे करून घेणार, आणि मिल उघडायच्या आत परत जागेवर. कुणाला कळायचं कारण नाही. मग अजून दोन वर्षं, आणि मग मास्टर म्हणूनच घरी बसायचं. "दिवाळीपर्यंत तेवढं सांभाळून घ्या," ते म्हणाले. त्यांनी हात जोडले नाहीत, पण आवाज जोडलेल्या हातांचा होता.

मी म्हटलं, "मास्टर, तुम्ही अजिबात काळजी करू नका." आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. त्या दिवशी घरी येताना मी रिक्षात गुणगुणत होते.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगते.

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत हौशी चित्रकारांचं प्रदर्शन असतं. त्यासाठी मी चार रविवार खपून मगदल्ल्याच्या दोन होड्या काढल्या होत्या. राखाडी सकाळ, पाण्यावर निळसर उजेड. चित्र डुमसला नेलं तेव्हा सगळे टपरीभोवती जमले. मॅनेजरसाहेब "वाह बेन, वाह!" करत दोन पावलं मागे जाऊन बघायला लागले. आमच्यातल्या एका डॉक्टरांच्या मिसेस फोटो काढायला लागल्या. मास्टर उशिरा आले, सायकलसाठी पँटच्या पायाला अडकवलेली क्लिप काढत. मॅनेजर म्हणाले, "मास्टर, आजे तो पास करवुं ज पडशे." आज तर पास करावंच लागणार.

मास्टरांनी चित्र उलटं धरायला सांगितलं. उन्हात बघितलं, ट्यूबखाली बघितलं, गाडीत बघितलं. बाहेर आले.

"ताई, होडी पास. पाणी फेल."

मी म्हटलं, "का?"

"पोट कुठाय? वरचीच होडी खाली चिकटवली तुम्ही. जाळं पण आलं पाण्यात. इतकं सांगून!" आणि मग काडी पाण्यावरून हवेत फिरवत, "आणि हे पाणी हिरवं करून ठेवलं. एवढं हिरवं पाणी मगदल्ल्याला? परत डाय."

"परत डाय!" डॉक्टरांच्या मिसेस त्यांची नक्कल करत म्हणाल्या, आणि सगळे हसले. त्या बाई माझ्यापेक्षा वाईट चित्रं काढत. त्यांना कधी कुणी परत डाय म्हणत नसे, कारण त्यांच्याकडून कुणाची अपेक्षा नव्हती. हे मला आज कळतं. तेव्हा फक्त हसणं ऐकू आलं. आणि हिरवा! हिरव्याचा एक थेंब मी वापरला नव्हता. हिरवा त्या पाण्यात नव्हताच, तो कुठे होता ते मला माहीत होतं.

मी म्हणाले, "एमने तो वादळी ने लीलो जुदो देखातो ज नथी. दर बुधवारे मारी पासे मिलना कटका लईने आवे छे. पूछो ने!"

यांना निळा आणि हिरवा वेगळा दिसतच नाही. दर बुधवारी माझ्याकडे मिलचे तुकडे घेऊन येतात. विचारा ना.

रागाच्या भरात तोंडातून गेलं, असं मी त्या रात्री नवऱ्याला सांगितलं आणि त्यानं ते मानलं. पण राग आला की माणूस आपल्या भाषेत बोलतो. मास्टरांशी मी दोन वर्षांत एक वाक्य गुजरातीत बोलले नव्हते. भांडायचं असतं तर मराठीत भांडले असते, आणि ते आमच्या दोघांत राहिलं असतं. मॅनेजरांना मराठी समजत नव्हतं. म्हणूनच मी गुजरातीत बोलले. तोंडातून जायच्या आधी ते वाक्य मी दुसऱ्या भाषेत नीट मांडून घेतलं होतं, "कटका" हा शब्द शोधला होता. एवढा वेळ मला होता.

मॅनेजर आधी हसले. "शुं बेन, मजाक करो छो?" मग मास्टरांकडे बघून त्यांचं हसू कमी होत गेलं. "मास्टर, साची वात?"

मास्टरांना नाही म्हणता आलं असतं. ताई चिडल्यात, म्हणता आलं असतं. मी तेवढ्याची वाट बघत होते, तेव्हाही. ते म्हणाले, "हा साहेब."

मग नेहमीप्रमाणे त्यांनी सगळ्यांचे ब्रश धुतले, घाण पाणी लांब नेऊन ओतलं, स्टूल गाडीत चढवले. माझाही चढवला. माझ्याकडे बघितलं नाही असंही नाही. "चित्राला ऊन लागू देऊ नका, वाकडं होईल," एवढं म्हणाले.

त्या बुधवारी मी जेवणाच्या सुट्टीत खिडकी बंद केली नाही. कुणी आलं नाही.

मॅनेजर वाईट माणूस नव्हते. त्यांनी मास्टरांना दुसऱ्या दिवशी ऑपरेशनला पाठवलं, आणि परत आल्यावर घडीखात्यात बसायला सांगितलं. कलरच्या खोलीत तोवर नवा मास्टर आला होता. घडीखात्यात म्हणजे ज्या कापडाला तीस वर्षं रंग दिला त्याच्या घड्या मोजत बसायचं. मास्टर दोन दिवस बसले आणि तिसऱ्या दिवशी गेले नाहीत. हे मला मॅनेजरांनीच सांगितलं, आणि वर म्हणाले, "बेन, तमे तो मने बचावी लीधो." मी त्यांना वाचवलं होतं म्हणे. सीझनमध्ये एखादा लॉट परत आला असता तर त्यांच्यावर आलं असतं. त्यांनी कृतज्ञतेनं मला घारीचा, त्या तुपाळ सुरती मिठाईचा, डबा पाठवला. घरात सगळ्यांनी खाल्ली.

चित्राचंही सांगायलाच हवं. प्रदर्शनाच्या आधी दोन दिवस मी दार लावून बसले आणि पाणी परत केलं. जाळं पुसलं, पोट काढलं, शेवाळाची रेघ काढली. रंगाबाबत मास्टर चुकले होते, बाकी सगळ्यात बरोबर होते. चित्र एकदम जागं झालं. मंडळात लोक त्याच्यापुढे थांबत होते. एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "हे पाण्यातलं कुणाकडे शिकलात हो?" मी म्हणाले, "असंच, बघून बघून."

मास्टरांकडे जायला मी पाच महिने लावले. आधी म्हटलं ऑपरेशन झालंय, आराम करू दे. मग दिवाळी आली, ते गावी असतील म्हटलं. मग बँकेत काम वाढलं. माणसाला न जायचं असलं की कारणं किती सुचतात! शेवटी संक्रांतीनंतरच्या एका रविवारी मॅनेजरांकडून पत्ता घेऊन गोडादऱ्याला गेले. रिक्षात बसून वाक्य घोकत होते. "मास्टर, मी जे केलं ते मुद्दाम केलं. मला माफ करा." मुद्दाम हा शब्द मी गाळणार नव्हते, एवढं ठरवलं होतं. मराठीत बोलणार होते.

गल्लीत लूमचा आवाज चालू होता, रविवार असूनही. तळमजल्यावरची एक खोली, पुढे पत्र्याची पडवी. पडवीत मास्टरांच्या पत्नी साडी मांडीवर घेऊन तिला टिकल्या चिकटवत होत्या. घरी बसून बायका करतात ते काम. शेजारी मास्टर, डोळ्यांवर साधा चष्मा, टिकल्या रंगाप्रमाणे वेगळ्या करून वाट्यांत टाकत होते. मला बघून ते उठले. इतक्या लांबून त्यांनी मला चटकन ओळखलं, हे माझ्या लक्षात आलं.

"या ताई, या. अगं, बँकेतल्या ताई आल्या."

बाई साडी बाजूला सारून उठल्या, हात पदराला पुसले आणि माझे दोन्ही हात धरले. "तुम्हीच त्या ताई! बठा, बठा. यास्ना तोंडमा तुमनंच नाव ऱ्हास."

मी बसले. स्टीलच्या पेल्यात पाणी आलं, चहा आला. मास्टर म्हणाले, आता सगळं स्वच्छ दिसतं. पहिल्या दिवशी पट्टी काढली तेव्हा घराची भिंत इतकी निळी आहे हे बघून ते घाबरलेच. सध्या कापडमार्केटमध्ये एका दुकानात जातात. गिऱ्हाइकापुढे साड्या उलगडायच्या, परत घड्या घालायच्या. "रंग बघायला मिळतात दिवसभर," ते म्हणाले. "पाणी काढता की नाही?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "काढा."

मी पेला खाली ठेवला. म्हटलं आता. "मास्टर," मी सुरुवात केली.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी माझ्या समोर खाली बसल्या. त्यांना कधीपासून काहीतरी बोलायचं होतं हे दिसत होतं, आणि त्यांनी ते एका दमात बोलून टाकलं. डॉक्टर म्हणाले होते की उजवा डोळा अजून थोडा थांबता तर हातातून गेला असता, आतला दाब वाढला होता. "ह्या ते दिवाई लगून बठीच ऱ्हातात, ताई. कोनालेच सांगतात नही. मलेबी नही. यास्नी सांगं मले, ताईस्नी जाईसन साहेबले सांगं, म्हनीसन डोया वाचनात. तुमीन बोलन्यात म्हनीसन." मी जाऊन साहेबांना सांगितलं म्हणूनच डोळे वाचले, असं मास्टरांनी त्यांना सांगितलं होतं. मग मिलमधून त्यांनी आपणहून काम सोडलं, वय झालं म्हणून, असंही मास्टरांनी त्यांना सांगितलं होतं. त्या बोलता बोलता रडायला लागल्या. "आमना घरमा कोनी नही इचारं यास्ना डोयासनं. तुमीन इचारं. तुमना भलता उपकार शेतस."

मी मास्टरांकडे बघितलं. ते टिकल्या निवडत होते. हिरवी एका वाटीत, निळी दुसऱ्या वाटीत. हात थांबला नाही, मान वर झाली नाही. त्यांना माझी अडचण करायची नव्हती. ते मला मोकळं सोडत होते, दोन्ही बाजूंनी. खरं सांगितलं असतं तरी ते ऐकणार होते, नाही सांगितलं तरी चालणार होतं.

बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अहो, त्यात काय एवढं."